भूलचूक देणेघेणे

सोलापुरातल्या कुठल्याही जुन्या पेढीची पावती उलगडून पाहा. खाली, सहीच्या जागेजवळ, बारीक टायपात छापलेले असते: 'भूलचूक देणेघेणे'. हिशेबात काही राहून गेले असेल तर दोघांनी बसून निस्तरू, एवढाच त्याचा अर्थ. चूक निघाली म्हणून दुकानदार लबाड ठरत नाही आणि ती दाखवली म्हणून गिऱ्हाईक भांडखोर ठरत नाही. मराठीने 'भूल' हा शब्द चुकीलाही दिला आणि ऑपरेशनआधी शुद्ध हरपवण्यालाही दिला. सरकारी कॉलेजात 'बधिरीकरणशास्त्र विभाग' अशी पाटी असते, पण ती वाचून कोणी आत जात नाही. लोक विचारतात, 'भूलवाले डॉक्टर कुठं बसतात?' या दुसऱ्या भुलीत चूक झाली की मात्र देणेघेणे संपते. एका बाजूला दगड उरतात, दुसऱ्या बाजूला मौन.

ऑपरेशनच्या टेबलावर माणूस दगावला की दोन तासांत वाद उभा राहतो आणि दर वेळी तो त्याच शब्दांत होतो. नातेवाईक म्हणतात, 'चालत गेला होता हो आत, इंजेक्शन दिलं आणि संपला.' डॉक्टरांची संघटना म्हणते, प्रत्येक मृत्यू म्हणजे हलगर्जी नव्हे, ही ज्ञात गुंतागुंत आहे. मग काचा, मग ओपीडी बंद, मग एक निवेदन पोलिस आयुक्तांना आणि दुसरे जिल्हाधिकाऱ्यांना. आठवड्याने सगळे थंड. या सगळ्या गदारोळात 'दोषी कोण' हा एकच प्रश्न विचारला जातो आणि माझ्या मते तो पहिला प्रश्न असायला नको. पहिला प्रश्न असा: आत नेमके काय झाले, आणि तेच उद्या सकाळी शेजारच्या हॉस्पिटलात होऊ नये म्हणून आज काय बदलले? त्यासाठी भुलीदरम्यान घडलेली प्रत्येक गंभीर घटना, थोडक्यात निभावलेलीसुद्धा, सक्तीने नोंदली जावी. ती नोंद शिक्षेच्या वाटेवर जाऊ नये. आणि घरच्यांना जे घडले ते लेखी कळावे. या तिन्ही गोष्टी एकदमच हव्यात. एक काढली की उरलेल्या दोन पडतात.

मी डॉक्टर नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात माझी सव्वीस वर्षे गेली आणि त्यातली बरीच वर्षे अपघातांची नोंदवही माझ्या टेबलावर होती. कामगाराला मार लागून तो ४८ तास कामावर येऊ शकला नाही तर कारखाना निरीक्षकाला कळवा, असे १९४८ च्या कारखाना कायद्याचे ८८ वे कलम सांगत असे. पुढे त्याला ८८-अ जोडले गेले: ठरावीक धोकादायक घटना, कुणाला इजा झालेली असो वा नसो, कळवायच्या. या 'वा नसो'ची किंमत मला मागावर कळली. धोटा म्हणजे मागावर आडवा धागा नेणारा, दोन्ही टोकांना पोलादी टोक असलेला लाकडी ठोकळा. बिनसला की मागातून गोळीसारखा बाहेर पडतो. डोळा जातो, दात जातात. पण दहातले नऊ धोटे भिंतीवर आपटून खाली पडतात, माणूस हसतो, धोटा उचलतो आणि माग पुन्हा सुरू करतो. कायद्याच्या यादीत असला धोटा नव्हता. आमच्या वीव्हिंग मास्तरांनी तो घातला: उडाला की लिहायचा.

सुरुवातीला कोणी सांगेना. पूर्व भागातला एक मुरलेला विणकर मला म्हणाला, 'सायेब, लागलं नाही कुणाला, मग लिवता कशाला? पगार कापायला?' तो बरोबर होता, कारण आधी कापलेच जात होते. मास्तरांनी नियम उलटा केला: सांगितलेल्या धोट्याला दंड नाही, लपवलेल्याला आहे. तीन महिन्यांच्या नोंदी समोर ठेवल्यावर दिसले की उडालेले बहुतेक धोटे एकाच ओळीतल्या मागांचे होते, आणि त्या मागांवरचे पिकर, म्हणजे धोट्याला धक्का देणारे भाग, एकाच गठ्ठ्यातून आलेले, लवकर घासलेले. तोवर आम्ही 'मागावरचा माणूस झोपला होता' असे म्हणत आलो होतो. माणूस बदलला असता, रात्रपाळी बदलली असती, तरी धोटा उडतच राहिला असता.

आता हॉस्पिटलाकडे येतो. २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल डॉक्टर मंडळी ढालीसारखा पुढे करतात. फौजदारी गुन्ह्यासाठी ढोबळ, टोकाचा हलगर्जीपणा लागतो. पोलिसांनी कारवाईआधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावे, असे तो सांगतो. कायदा म्हणून मला तो पटतो. पण त्या खटल्याच्या मुळाशी काय होते हे फारसे कोणी सांगत नाही. १९९५ साली लुधियानाच्या एका रुग्णालयात एका रुग्णाला श्वास घेता येईना. ऑक्सिजनचा सिलिंडर आणला, तर तो रिकामा. दुसऱ्याची सोय होईपर्यंत रुग्ण गेला. हा भुलीतला मृत्यू नव्हता, पण भुलीच्या टेबलापाशीही सिलिंडर तोच असतो. दहा वर्षे वकील, चार पायऱ्यांची न्यायालये, आणि शेवटी डॉक्टर सुटले. ठीक. पण सिलिंडर रिकामा का होता? तो भरलेला आहे हे रोज सकाळी पाहायचे काम कोणाचे होते? त्या दिवशी देशातल्या बाकीच्या रुग्णालयांत किती सिलिंडर रिकामे उभे होते? खटल्याला ही उत्तरे द्यायची नसतात. आरोपी दोषी की निर्दोष, एवढेच त्याने सांगायचे असते, आणि तेवढे त्याने सांगितले.

डॉक्टरांच्या बाजूचे जे खरे आहे ते आधी कबूल करतो, कारण ते माझ्या घरातच राहते. माझा पुतण्या भूलतज्ज्ञ आहे. सकाळी सातला रेल्वे लाइन्समधल्या एका हॉस्पिटलात स्पायनल, म्हणजे कमरेतली भूल, दहाला विजापूर रोडवर सिझेरियन, दुपारी होटगी रोडला एखाद्या पोराचे मोडलेले हाड, रात्री कुठूनही फोन. तो म्हणतो, 'काका, मशीन त्यांचं, सिस्टर त्यांच्या, सिलिंडर त्यांचा. फक्त सही माझी.' सगळे नीट करूनही माणूस जाऊ शकतो, हे त्याचे म्हणणे खोटे नाही. औषधाची तीव्र ॲलर्जी साधारण दहा हजार रुग्णांत एखाद्याला येते आणि ती कुणाला येणार हे बहुतेक वेळा आधी कळत नाही. रुग्ण धराशिवहून, कलबुर्गीहून, आळंदमधून येतो तेव्हा आतड्याला भोक पडून दोन दिवस झालेले असतात. शिवाय आपण खोटे बोलतो. 'काही खाल्लंय का?' 'नाही.' आणि बाहेर आजीने नातवाला उपाशी कसं ठेवायचं म्हणून चहात बुडवून खारी दिलेली असते. मिश्री लावता का विचारले तर बाई मान हलवते आणि तिच्या ओच्यात डबी असते. विड्या वळण्यात आयुष्य गेलेल्या बाईच्या छातीत काय साठले आहे हे ती सांगत नाही, कारण तिला कोणी विचारलेले नसते. या सगळ्यावर टेबलाशी एकटा उभा असलेल्या माणसाने एका मिनिटात निर्णय घ्यायचा आणि तो चुकला तर खाली जमाव. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांसाठी महाराष्ट्रात २०१० पासून वेगळा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद सांगणारा. काचा फुटायच्या थांबल्या नाहीत.

एवढे कबूल करूनही विचारतो: भूल आज इतकी सुरक्षित आहे असे जे अभिमानाने सांगितले जाते, ती सुरक्षित झाली कशी? 'गुंतागुंत होतेच' म्हणून मान डोलावून झाली का? २८ जानेवारी १८४८ ला इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाचे नख काढताना क्लोरोफॉर्मखाली गेली. क्लोरोफॉर्मखालचा हा पहिला नोंदलेला मृत्यू. क्लोरोफॉर्म रूढ करणाऱ्या सिम्प्सन यांनी लगेच बाजू घेतली: क्लोरोफॉर्मने नव्हे, शुद्धीवर आणायला तोंडात ओतलेल्या ब्रँडीने आणि पाण्याने ती गुदमरली. म्हणजे आजचाच वाद, पावणेदोनशे वर्षांपूर्वी. त्याच काळात जॉन स्नो नावाचा एक डॉक्टर वेगळेच काही करत होता. पाण्याच्या पंपावरून कॉलरा शोधणारा तोच स्नो. तो क्लोरोफॉर्मखालचे मृत्यू एकेक करून गोळा करत होता. १८५८ साली त्याच्या निधनानंतर आलेल्या पुस्तकात असे पन्नास मृत्यू तपशिलासह मांडलेले आहेत. त्यातून त्याचा निष्कर्ष होता की घात औषधाच्या मात्रेत आहे, हवेत वाफ किती मिसळते यात आहे, म्हणून रुमालावर शिंपडण्याऐवजी मोजून द्या. सिम्प्सन मोठा माणूस होता. पण शिकायला मिळाले ते मोजणाऱ्याकडून.

याच्या उलट उदाहरणासाठी इंग्लंडला जायची गरज नाही. इथून हमरस्त्याने तीनशे किलोमीटरवर हैदराबाद आहे. निजामाच्या चाकरीतले शल्यचिकित्सक एडवर्ड लॉरी यांची ठाम श्रद्धा होती की क्लोरोफॉर्म हृदय बंद पाडत नाही. श्वासाकडे लक्ष ठेवा, नाडीकडे पाहूच नका. निजामाच्या पैशाने १८८८ आणि १८८९ साली दोन हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग बसले, दुसऱ्यासाठी तर लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाने आपला माणूस पाठवला. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष लॉरींच्या मनासारखाच निघाला. १९११ साली लेव्ही नावाच्या डॉक्टरांनी दाखवले की हलक्या क्लोरोफॉर्मखाली हृदय अचानक थरथरून बंद पडू शकते. मधल्या बावीस वर्षांत कितीजणांची नाडी कोणी पाहिली नसेल? लॉरी खोटारडे नव्हते. श्वासावर लक्ष ठेवा हा त्यांचा सल्ला अर्धा बरोबरही होता. पण 'आमच्याकडे हजारो केस झाल्या, काही झाले नाही' हा त्यांचा पुरावा होता, आणि हेच वाक्य मी आजही ऐकतो. ज्या खात्यात एकही अपघात नोंदलेला नसे त्याची वही मी सगळ्यात आधी तपासत असे.

खरे वळण आले ते १९७८ साली, आणि ते आणणारा डॉक्टर नव्हता. जेफ्री कूपर हा बोस्टनच्या रुग्णालयातला इंजिनिअर. लढाऊ विमानांच्या अपघातांसाठी वापरलेली पद्धत त्याने भुलीला लावली: लोकांना निवांत बसवून विचारायचे, कधी कधी काय बिघडले, काय बिघडता बिघडता राहिले? ३५९ घटना जमल्या. त्यातल्या ८२ टक्क्यांत माणसाची चूक होती: नळी सुटलेली, सिरिंज बदललेली, गॅसची कळ चुकून फिरवलेली. 'माणसाची चूक' म्हटले की आपल्याकडे गाडी थेट पोलिस ठाण्याकडे वळते. तिथे ती दुसरीकडे वळली. नळी सुटते, तर सुटताच वाजणारी घंटी का नाही? कळा हाताला सारख्याच का लागतात? १९८६ साली हार्वर्डच्या रुग्णालयांनी भूल चालू असताना काय काय सतत पाहिले पाहिजे याचे किमान नियम छापले, त्याच वर्षी ते अमेरिकाभर गेले. जपानी इंजिनिअर ताकुओ आओयागी यांच्या १९७० च्या दशकातल्या शोधातून आलेला बोटावरचा ऑक्सिमीटर, जो करोनात आपण घरोघरी लावला, तो याच काळात टेबलाशी आला. भुलीतले मृत्यू दहा हजारांत दोनवरून दोन-तीन लाखांत एकवर आले असे अमेरिकेच्या १९९९ च्या एका अहवालाने म्हटले. तो आकडा जरा जास्तच गोंडस आहे असे नंतर काहींनी दाखवले. उतरणीबद्दल मात्र वाद नाही.

इथे एक चलाख वकील मला अडवेल आणि त्याने अडवावेच. 'साहेब, अमेरिकेत हे सगळे भीतीपोटीच झाले ना? भूलतज्ज्ञांवर खटले पडत होते, विम्याचे हप्ते गगनाला भिडले होते, १९८२ मध्ये टीव्हीवर भुलीतल्या मृत्यूंचा कार्यक्रम झाला, तेव्हा ही मंडळी जागी झाली. मग भीती काढून टाका असे कसे म्हणता?' हा मुद्दा माझ्या बाजूच्या लोकांना अडचणीचा वाटतो आणि ते तो टाळतात. खरा आहे तो. भीतीने काम केले. पण कसे केले ते बघा. विमा कंपन्यांना पैसे भरायचे होते, म्हणून त्यांच्या कपाटांत बंद झालेल्या दाव्यांचे गठ्ठे होते; १९८० च्या दशकाच्या मध्यात भूलतज्ज्ञांच्या संघटनेने ते गठ्ठे सोडून वाचायला घेतले. तिथल्या भीतीतून मोजणी निघाली, कारण मोजणारा कोणीतरी मधे उभा होता. आपल्याकडे मधे कोणीच नाही. आपल्या भीतीतून काय निघते? केसपेपर नव्याने लिहिला जातो. 'पेशंट सिरिअस आहे' म्हणत गेलेला माणूस ॲम्ब्युलन्समध्ये घालून मोठ्या दवाखान्याकडे पाठवला जातो, म्हणजे मृत्यू तिकडच्या खात्यावर पडेल. हे सगळेच करतात असे मी म्हणत नाही. होते, हे सोलापुरात कुणाला नव्याने सांगायला नको.

आणि म्हणूनच नातेवाइकांचा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. ते म्हणतील, 'शिक्षेपासून वेगळी गुप्त नोंद म्हणजे तुम्ही लपवाछपवीला कायदेशीर रूप देताय. आमचा माणूस गेला आणि कागद डॉक्टरांच्याच समितीकडे?' ज्यांनी हॉस्पिटलाच्या पायरीवर रात्र काढली आहे त्यांना हे म्हणायचा हक्क आहे. कायद्याची वाट त्यांच्यासाठी उघडी आहे असे सांगणे सोपे. १९५३ साली कोकणात पालशेतच्या किनाऱ्यावर एका वीस वर्षांच्या मुलाचा पाय मोडला. पुण्यात आणून भूल न देताच जोर लावून हाड बसवले गेले आणि मुलगा त्या धक्क्याने गेला. बापाच्या बाजूने अखेरचा निकाल सर्वोच्च न्यायालयातून १९६८ साली आला. भरपाई तीन हजार रुपये. पंधरा वर्षे लढलेल्या त्या बापाबद्दल मला आदर आहे, पण ही वाट किती जणांना चालता येते? उलट, ब्रिटनमध्ये १९४७ साली एकाच दिवशी एकाच रुग्णालयात दोन धडधाकट कामकऱ्यांना कमरेतली भूल दिली आणि दोघेही कायमचे कमरेखाली लुळे झाले. १९५४ साली न्यायमूर्ती डेनिंग म्हणाले, १९४७ चा अपघात १९५४ च्या चष्म्यातून पाहता येणार नाही. त्या वेळी हा धोका कुणालाच ठाऊक नव्हता. निकाल न्याय्य असेल. त्या दोघांच्या हाती मात्र काहीच आले नाही. दोष सिद्ध झाला तरच भरपाई, हे समीकरण असेपर्यंत नातेवाइकांना कुणाला तरी खुनी ठरवावेच लागते.

म्हणून माझी मागणी 'डॉक्टरांना सोडा' अशी नाही. घटनेचे तथ्य घरच्यांचे आहे: कोणते औषध, किती वाजता, ऑक्सिजन केव्हा पडला, काय केले. ते त्यांना त्याच दिवशी, त्यांच्या भाषेत, लेखी मिळाले पाहिजे. भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे नियम मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यायला सांगतातच. गुप्त राहायचा तो पुढचा भाग: ही घटना इतर पन्नास घटनांशेजारी, नाव-गाव काढून ठेवून तिच्यातून काय दिसते याचा विचार. आणि फौजदारी कायदा चार गोष्टींसाठी राखून ठेवावा: पात्रता नसताना भूल देणे, टेबल सोडून निघून जाणे, नशेत असणे, कागद बदलणे. शेवटची सर्वांत कडक. आमच्या मास्तरांचा धोट्याचा नियम याहून वेगळा नव्हता.

हे आपल्याकडे जमेल का, असे कोणी विचारले तर जमलेलेच आहे. बाळंतपणात बाई दगावली तर तिच्या मृत्यूचा आढावा घ्यायची पद्धत २०१० पासून देशभर आहे. जिल्हाधिकाऱ्यांपुढे बैठक होते, घरच्यांना बोलावतात, आणि सूचना स्पष्ट आहे की हा दोष शोधायचा कार्यक्रम नाही. बैठका कागदावरच उरकल्या जातात अशी तक्रार असते आणि ती खोटीही नसेल, पण चौकट आहे. रक्त चढवताना त्रास झाला तर कळवायची राष्ट्रीय व्यवस्था २०१२ पासून आहे, औषधांची आणि उपकरणांचीही आहे. ज्या बाईचे सिझेरियन झाले तिच्या मृत्यूचा आढावा होतो. तिच्या शेजारच्या टेबलावर पित्ताशयासाठी झोपलेली तिची बहीण भुलीत गेली तर तो विषय फक्त पोलिसांचा. याला काय तर्क आहे? सोलापूर रेल्वेचे विभागीय ठाणे आहे, म्हणून आणखी एक सांगतो: रेल्वे अपघाताची वैधानिक चौकशी करणारा सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत ठेवलेला आहे. तपासणारा रेल्वेचा नोकर नको, हे शहाणपण दिल्लीला सुचू शकते. ब्रिटनने २००८-०९ मध्ये एक वर्षभर देशातल्या सगळ्या सरकारी रुग्णालयांतून श्वासमार्गाच्या गंभीर घटना गुप्तपणे गोळा केल्या. सुमारे २९ लाख पूर्ण भुलींमागे १३३ घटना, त्यात १६ मृत्यू. प्रत्येक रुग्णालयात नोंद पाठवणारा एक ठरलेला माणूस होता. आपल्या जिल्ह्याचा असा आकडा सांगा म्हटले तर कोण सांगेल? सिव्हिल सर्जन? महापालिका? संघटनेचे अध्यक्ष?

लहान हॉस्पिटले म्हणतील, हा खर्च आम्हाला झेपणार नाही. नियम वाढवा, आम्ही बंद करतो, मग मंगळवेढ्याच्या माणसाला पुण्याला पाठवा. हे अर्धे खरे आहे. श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारा कॅप्नोग्राफ स्वस्त नाही, आणि नळी श्वासनलिकेत आहे की अन्ननलिकेत याचा सर्वांत भरवशाचा साक्षीदार तोच आहे. त्यावर पैसे घालावेच लागतील. पण बाकीचे पाहा. ऑक्सिजनच्या लहान सिलिंडरच्या मानेला ठरलेल्या दोन जागी भोके असतात, नायट्रस या भुलीच्या वायूच्या सिलिंडरला वेगळ्या जोडीच्या जागी, आणि मशीनवर त्यांना जुळणाऱ्या पिना. थकलेल्या, झोपेतल्या, नवख्या माणसालाही चुकीचा सिलिंडर बसवता येत नाही. कुणाला शिक्षा करून हे साधलेले नाही, एका कानशीच्या कामाने साधले आहे. रक्तस्राव थांबवायचे ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड आणि कमरेत द्यायचे भुलीचे औषध बुपिव्हकेन यांच्या काचेच्या कुप्या दिसायला सारख्या असू शकतात. अदलाबदल होऊन पहिले औषध मणक्यात गेले तर निम्म्याच्या आसपास रुग्ण दगावतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली यावर सावधानतेचा इशारा काढला. दोन कुप्या दोन वेगळ्या खणांत ठेवायला किती खर्च येतो?

ऑपरेशनआधीच्या चेकलिस्टचेही तसेच. १९ कलमे, दोन मिनिटे. नवी दिल्लीसह जगातल्या आठ शहरांत ती वापरून पाहिली तेव्हा मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले, हे २००९ साली छापून आले. मात्र कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात १०१ रुग्णालयांना ती सक्तीने लावली, तेव्हा म्हणावा असा फरक दिसला नाही. हा अभ्यास २०१४ चा. कागद भरणे आणि विचारणे यांत अंतर आहे, हे नोंदवही सांभाळलेल्या माणसाला कोणी समजावायला नको. आपल्याकडे हे अंतर आणखी मोठे आहे, कारण आपल्याकडे 'सर' आहेत. २००५ साली ब्रिटनमध्ये एका वैमानिकाची बायको सायनसच्या साध्या ऑपरेशनसाठी गेली. भूल दिल्यावर श्वासाची वाट मिळेना. एक नर्स गळ्यातून वाट करायचे साहित्य घेऊन आली, दुसरीने अतिदक्षता विभागात खाट सांगून ठेवली. तज्ज्ञ डॉक्टर नळी घालण्याच्या प्रयत्नातच गुंतून राहिले. नर्स पुढे ठामपणे बोलू शकल्या नाहीत, खाट रद्द झाली. बाई गेली. नवऱ्याने खटल्याऐवजी चौकशी मागितली, कारण विमानात असे झाले तर चौकशी होते हे त्याला ठाऊक होते. आता आपल्या ऑपरेशन थिएटरात ही नर्स कोण असते? वर्षभरापूर्वी लागलेली, महिन्याच्या पगारावर चार माणसांचे घर चालवणारी मुलगी. ती म्हणेल, 'सर, सॅच्युरेशन पडतंय, थांबा'? आणि म्हणाली तर उद्या कामावर असेल?

परवा पुतण्या जेवायला आला होता. मी त्याला हे सगळे ऐकवले, थोडे जोरातच. त्याने बॅगेतून एक दोनशे पानी वही काढली आणि माझ्यापुढे सरकवली. चार वर्षांच्या नोंदी, तारीख आहे, हॉस्पिटलाचे नाव नाही. 'ऑक्सिजनचा काटा शून्यावर, जंबो बदललेला नव्हता, सुरू करण्याआधी दिसले.' 'सिरिंज अदलाबदल, टोचण्याआधी लक्षात.' 'सक्शन बंद, लाइट गेलेली, जनरेटरला डिझेल नाही.' 'नळी अन्ननलिकेत, लगेच काढली, पेशंट ठीक.' 'चहा-खारी. ऑपरेशननंतर आजीने सांगितले.' जंबो सिलिंडरची नोंद मी मोजली. चार वर्षांत सात वेळा. मी सवयीने विचारले, सातही एकाच ठिकाणची का? त्याने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, 'पाच.' त्या हॉस्पिटलाला सांगितलेस का? 'सांगितलं. पुढच्या महिन्यापासून त्यांनी दुसरा भूलतज्ज्ञ बोलवायला सुरुवात केली.'

मग तो म्हणाला, 'काका, तुमच्या वहीला निरीक्षक होता. ही मी कुणाला द्यायची, सांगा.' मी जिल्हाधिकारी म्हणालो, मग सिव्हिल सर्जन म्हणालो, मग त्यांची संघटना म्हणालो. प्रत्येक नावावर तो भाकरीचा तुकडा मोडत नुसता मान हलवत होता. वही बॅगेत गेली. चार वाजता त्याला जुळे सोलापुरात केस होती.